स्तोत्रसंहितेतून प्रार्थना करताना या चुका टाळा

आईचं बायबल अजून माझ्याकडे आहे. मधोमध, म्हणजे देवाला उद्देशून लिहिलेल्या १५० गीतांच्या स्तोत्रसंहितेत, उघडलं की ते आपसूक तेविसाव्या स्तोत्रावर उघडतं. त्या पानाची कड बोटांच्या तेलाने पिवळी पडली आहे आणि मेणबत्तीचा एक थेंब तिथे वाळून बसला आहे. ९१व्या स्तोत्राचं पानही तसंच. ८८वं, जे विलापाचं आहे, ते मात्र इतकं करकरीत आहे की दुकानातून आजच आणल्यासारखं वाटतं. नाशिकमधल्या शरणपूरच्या आमच्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थना होत असे, तरीही ते पान तसंच राहिलं. पुढे मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, इतरांची बायबलं हातात आली, तेव्हा तीही साधारण अशीच दिसली.

गोड तेवढीच स्तोत्रं निवडणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्याबद्दल जरा जास्त लिहितो. १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं इतर कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत. तेराव्या स्तोत्रात तर पहिल्या दोन वचनांतच चार वेळा ‘कोठवर?’ असं देवाला विचारलं आहे. आपण मात्र दुःखातल्या माणसाच्या हातात लगेच स्तुतीचं स्तोत्र ठेवतो.

मीही तेच केलं होतं. एका मार्चमध्ये निफाडकडच्या एका काकांची द्राक्षबाग गारपिटीत गेली. काढणी आठवड्यावर आली होती. आम्ही गेलो तेव्हा वेलीखाली घड पडले होते, तडकलेल्या मण्यांतून रस गळत होता आणि त्यावर माश्या बसत होत्या. मी १०३वं स्तोत्र काढलं, ‘हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर’. काका खाली मान घालून ऐकत राहिले, ‘आमेन’सुद्धा म्हणाले नाहीत. माझ्याबरोबर आलेल्या मावशींनी माझ्या हातातून बायबल घेतलं आणि ८०वं काढलं. त्यात म्हटलंय, देवाने मिसरातून (इजिप्तमधून) एक द्राक्षवेल आणली, जागा साफ करून लावली, ती देशभर पसरली. मग स्तोत्रकर्ता देवालाच विचारतो, आता तिचं कुंपण तू का मोडलंस? वाटसरू तिला ओरबाडतात, रानडुक्कर तिची नासाडी करतं.

काका म्हणाले, “हे माझ्याच बागेचं लिहिलंय का हो?” आणि मग बोलू लागले. बँकेचं कर्ज, छाटणीपासूनचा खर्च, औषधांची उधारी, सगळं देवापुढे. मध्येच रागावलेही. आमच्यापैकी कोणी त्यांना थांबवलं नाही.

ते स्तोत्र मुळात इस्राएलच्या प्रजेबद्दल आहे, कोणा एकाच्या बागेबद्दल नाही, हे खरं. पण देवाला ‘का?’ विचारण्याची मुभा शास्त्रातच आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. वधस्तंभावर प्रभू येशूच्या ओठांवर आलेले शब्दही २२व्या स्तोत्राचेच आहेत: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?

स्तोत्राचा तोडगा करणं

९१वं स्तोत्र कागदावर लिहून उशीखाली ठेवणं, दाराला चिकटवणं, सात दिवस सात वेळा म्हटलं की काम होतं असं सांगणं, हे आपल्यात सर्रास चालतं. श्रद्धेपोटी करतात, हे मला मान्य आहे. पण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी नेतो आणि उडी टाक म्हणताना ९१व्या स्तोत्रातलंच वचन पुढे करतो. प्रभू देवाची परीक्षा पाहू नको, असं उत्तर येशू त्याला देतो. स्तोत्र देवाला बांधून घालण्यासाठी नाही.

भराभर उरकणं

हिब्रू काव्यात एका ओळीचा अर्थ दुसरी ओळ उचलते, वाढवते किंवा उलटून दाखवते. १२१व्या स्तोत्रात दिवसा सूर्याची बाधा होणार नाही असं आलं की पाठोपाठ रात्रीचा चंद्र येतो. या दोन अर्ध्यांच्या मध्ये एक श्वास घ्या. घरात दोघं असाल तर अर्धी ओळ एकाने म्हणावी, उरलेली दुसऱ्याने. १३६व्या स्तोत्रात ‘कारण त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद २६ वेळा येतं. ते मनात वाचलं की कंटाळवाणं होतं. भजनात टाळकरी ध्रुपद झेलतात तसं सगळ्यांनी मिळून म्हटलं की त्याची ताकद कळते.

“आज माझा भाव जुळत नाही” म्हणून सोडून देणं

तुम्ही आनंदात आहात आणि समोर रडणारं स्तोत्र आलं, तर ते दुसऱ्यासाठी म्हणा. सिव्हिलच्या वॉर्डात पडलेल्या कोणासाठी, कालच माती दिलेल्या घरासाठी. उलट तुम्ही रडत असाल आणि स्तुतीचं स्तोत्र आलं, तर आज ते मंडळीला तुमच्यासाठी म्हणू द्या.

शापाच्या वचनांत शेजाऱ्याचं नाव घालणं

१०९वं स्तोत्र किंवा १३७व्याचा शेवट वाचताना अंगावर काटा येतो. १९७१च्या कॅथलिक प्रार्थनाविधीत ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं पूर्णच वगळली आहेत. मला ती ठेवावीशी वाटतात. सूड स्वतः घेण्याऐवजी तो राग देवाच्या हवाली करायला ती शिकवतात. मात्र जमिनीच्या वादातल्या भावाचं नाव मनात धरून ती म्हणू नका.

एक किरकोळ अडचणही सांगतो. जुन्या लॅटिन परंपरेत नववं आणि दहावं स्तोत्र एकच धरलं जाई, त्यामुळे जुन्या कॅथलिक पुस्तकांत आपलं तेविसावं बाविसावं म्हणून सापडतं. पुस्तक चुकलेलं नसतं.

निवडीचा मोह टाळायचा असेल तर अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) प्रार्थनापुस्तकाची जुनी वाटणी धरा. तिच्यात १५० स्तोत्रं महिन्याच्या ३० दिवसांत, सकाळ-संध्याकाळ विभागलेली आहेत. तारीख बघायची आणि जे येईल ते म्हणायचं. १७ तारखेच्या सकाळी ८८वं येतं, ज्याचा शेवट काळोखातच होतो. गेली काही वर्षं मी ते आईच्याच बायबलातून म्हणतो. त्या पानाची कड आता थोडी मऊ झाली आहे.