किती धरतो ते नको, किती सोडतो ते बघा

हे पीएसएबद्दल आहे: दाब वाढवून गॅस अधिशोषकाच्या (गॅस पृष्ठभागावर धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र पदार्थाच्या) थरात, म्हणजे बेडमध्ये, धरायचा, दाब कमी करून सोडायचा, आणि हीच सायकल पुन्हा पुन्हा चालवून गॅस वेगळे करायचे.

माझे आठ महिने एका चुकीत गेले. कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा होता, म्हणून आयसोथर्म (एका तापमानाला कोणत्या दाबावर किती गॅस धरला जातो त्याचा आलेख) सगळ्यांत वर जाणारा अधिशोषक निवडला. सायकल लावली, तर बेड पहिल्यांदा भरला आणि पुढे जवळजवळ भरलेलाच राहिला.

कागद घ्या, हिशोब स्वतः करा. लँगम्यूरचं सूत्र: धरलेला गॅस = कमाल क्षमता × बी × दाब ÷ (१ + बी × दाब); बी म्हणजे पकड किती घट्ट त्याचा आकडा. पहिल्या अधिशोषकाची कमाल क्षमता किलोला ५ मोल, बी ५० प्रति बार. १ बारला तो ४.९ मोल धरतो. दाब ०.१ बारवर आणला तरी ४.१७ मोल आतच! हाती फक्त ०.७३. दुसऱ्याची क्षमता ४, बी फक्त २. तो १ बारला जेमतेम २.६७ धरतो, पण ०.१ बारला ०.६७ उरतं. हाती २ मोल, जवळजवळ तिप्पट. मी पहिला घेतला होता.

त्यात उष्णतेची भर. गॅस धरताना बेड तापतो, म्हणून कमी धरतो. सोडताना गार होतो, म्हणून घट्ट धरून बसतो. दोन्ही टोकांनी मार. माझ्या मॉडेलमध्ये तापमान स्थिर होतं, त्यामुळे हे दिसलंच नाही. ‘सॉफ्टवेअरला टाक, ते सांगेल’ म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. सॉफ्टवेअर तुम्ही विचारलं तेवढंच सांगतं.

आणि वीस सायकली चालवून शुद्धतेचा आकडा लिहू नका. स्थिर चक्र (प्रत्येक सायकल आधीच्यासारखीच होणं) यायला कधी शेकडो सायकली लागतात.

घाबरू मात्र नका. काही भिंती तुमच्या चुकीच्या नसतातच. झिओलाइटवर (नायट्रोजन धरून ठेवणाऱ्या, बारीक छिद्रांच्या खनिजावर) हवेतून ऑक्सिजन काढताना शुद्धता ९५ टक्क्यांच्या आसपास अडली, तर तो आर्गॉन आहे. झिओलाइटला तो ऑक्सिजनसारखाच वाटतो. कार्बन मॉलिक्युलर सीव्हवर (कार्बनच्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या चाळणीवर) तर उलटी गंमत: ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे आयसोथर्म जवळजवळ सारखे, पण ऑक्सिजन भराभर आत शिरतो आणि नायट्रोजन बाहेर मिळतो. तिथे आयसोथर्म बघत बसलात तर हे वेगळं होईल असं वाटणारच नाही.

आता मी नवा अधिशोषक आला की आधी दोन दाबांवरची वजाबाकी करतो, मग त्याच दोन टोकांचं तापमान दहा अंशांनी हलवून पुन्हा करतो. अर्धा तास लागतो.