अपघाताची बिलं पुसट होण्याआधी

रस्ते अपघातात घरातलं माणूस जबर जखमी झालं की महिनाभर दवाखान्याच्या फेऱ्या सुरू असतात. वकिलाकडे जाईपर्यंत मेडिकलची निम्मी बिलं कोरी झालेली असतात, कारण त्या गुळगुळीत थर्मल कागदावरची छपाई उडते. म्हणून नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी पहिल्याच दिवशी एक फाईल करा.

१. प्रत्येक बिलाची त्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ बिलाला टाचा. रिक्षा, ॲम्ब्युलन्सच्या पावत्याही ठेवा. तो खर्चही मागता येतो.

२. एफआयआर (फिर्यादीला प्रत मोफत मिळते), घटनास्थळाचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड आणि धडक देणाऱ्या गाडीचा नंबर व विमा पॉलिसी.

३. फाईल घेऊन जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, मुलं, अपंग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हे फार थोड्यांना माहीत असतं.

दावा आपण राहतो त्या भागातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही लावता येतो. कायद्यात मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे, तेव्हा प्लास्टर निघायची वाट पाहू नका.

आणि कोऱ्या कागदावर किंवा ‘तडजोड झाली’ अशा मजकुरावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.