अखंड फळीचं डायनिंग टेबल करताय? या चुका टाळा

अखंड फळीच्या टेबलाचं वेड लोकांना का लागतं, ते मला पुरेपूर समजतं. प्लायवर सनमायका चिकटवलेलं टेबल दहा घरांत सारखंच दिसतं. खोडातून उभी कापलेली, कडेला झाडाची मूळ वळणं तशीच ठेवलेली फळी मात्र दुसऱ्या कुठल्याच फळीसारखी नसते. कुठे फांदी फुटली होती तिथली गाठ, कुठे रेषा एकदम वळून नागमोडी झालेल्या. जेवताना माणसं नकळत त्या रेषांवरून बोट फिरवतात. असं टेबल नीट केलं तर नातवंडंही त्यावर जेवतील.

पण नीट केलं तरच. माझ्याकडे दुरुस्तीला येणारी टेबलं बघून आता वैताग येतो, कारण चुका त्याच त्या असतात. व्हिडिओ बघायचा, शनिवारी वखारीतून फळी आणायची, पुढच्या रविवारी पाहुण्यांना तिच्यावर जेवायला बसवायचं! लाकूड या वेळापत्रकाने चालत नाही.

ओलं लाकूड

ही चूक सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत जास्त होणारी. वखारवाला सांगतो, "एकदम सुकं आहे साहेब, वर्षभर पडून आहे." कुठे पडून आहे, ते विचारा. उघड्यावर, एकावर एक रचलेल्या, मध्ये रिपा (बारीक लाकडी पट्ट्या) नसलेल्या फळ्या वर्षभर पडून राहिल्या तरी वाळत नाहीत. वरची वाळते, मधल्या कुबट होतात.

लाकडातला ओलावा साधारण २८-३० टक्क्यांच्या खाली उतरला की लाकूड आकसायला लागतं. लांबीत ते जवळजवळ आकसत नाही. आकसतं रुंदीत, आणि वर्तुळांच्या दिशेने तर खोडाच्या मध्यापासून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. म्हणून फळी नुसती लहान होत नाही, तिला बाक येतो, पीळ पडतो, चिरा जातात. ओल्या फळीला रंधा मारून कितीही सपाट करा, दोन महिन्यांत ती पुन्हा वाकडी होणार. मग लोक सुताराला नावं ठेवतात.

हवेवर वाळवायला जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा जुना हिशेब आहे आणि तो अजूनही खोटा ठरलेला नाही. म्हणजे २ इंची फळीला दोन वर्षं. जमिनीपासून उचलून, मध्ये एकसारख्या जाडीच्या रिपा घालून, रिपा एकाखाली एक सरळ रेषेत येतील अशा रचून, सावलीत, वारं खेळेल अशा जागी. दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट, कारण टोकातून पाणी फार भराभर उडतं आणि पहिल्या चिरा तिथेच पडतात. एवढी वाट बघायची तयारी नसेल तर भट्टीत वाळवलेली फळी घ्या आणि जास्तीचे पैसे मोजा. त्यात काही कमीपणा नाही. मात्र भट्टीची फळीसुद्धा ज्या घरात राहणार त्या घरात काही आठवडे नुसती ठेवून द्या.

ओलावा मोजायचं पिनांचं मीटर लोक पृष्ठभागावर टोचतात, ११ टक्के बघून खूश होतात. तो आकडा वरच्या कातडीचा असतो. मी तर सरळ वजनावर जातो. टोकापासून निदान फूटभर आतला एक छोटा तुकडा कापून घ्यायचा. टोकाचा तुकडा घेऊ नका, तो आधीच वाळलेला असतो. लगेच वजन करायचं आणि ओव्हनमध्ये १०० अंशांच्या जरा वर ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवायचा. आधी २३० ग्रॅम आणि नंतर २०० ग्रॅम भरला, तर गेलेलं पाणी ३० ग्रॅम. त्याला २०० ने भागायचं, म्हणजे १५ टक्के. पुण्यात किंवा नागपुरात घरात ठेवायच्या टेबलाला हे जास्त आहे. मी १० च्या आसपास आल्याशिवाय फळीला हत्यार लावत नाही. कोकणात किंवा मुंबईत थोडं जास्त चालतं, पण एसी असलेल्या खोलीत तेही चालत नाही.

आणखी एक सवय सांगतो. पावसाळ्यात मी फळी विकत घेत नाही. मार्च-एप्रिलमध्ये घेतो. ज्या चिरा पडायच्या, त्या तोवर पडून गेलेल्या असतात आणि डोळ्यांना दिसतात.

फळी सांगाड्याला जखडून टाकणं

लाकूड वाळलं म्हणजे हलायचं थांबलं, हा दुसरा गैरसमज. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडं लाकूड १५ टक्क्यांच्या पुढे ओल धरू शकतं. एप्रिलच्या दुपारी तीच हवा इतकी कोरडी होते की लाकूड ६-७ टक्क्यांकडे ओढलं जातं. पॉलिशने हा वेग कमी होतो, थांबत नाही. सागाच्या ३ फूट रुंद फळीत ओलावा ६ टक्क्यांनी बदलला तर रुंदीत सुमारे ३ सूत, म्हणजे १० मिलिमीटरच्या जवळपास फरक पडतो. एवढी हालचाल कुठलाही स्क्रू अडवू शकत नाही. अडवली तर लाकूड फाटतं.

एका ओळखीच्या कुटुंबाने ७ फूट बाय साडेतीन फुटांची रेन ट्रीची सुंदर फळी आणली. रेन ट्री तसं समजूतदार लाकूड, सागापेक्षाही कमी आकसतं, म्हणून एवढ्या रुंद फळ्यांना ते चांगलं. फॅब्रिकेटरने २ इंची चौकोनी पाइपचा सांगाडा वेल्ड करून दिला आणि खालून वीत-वीत अंतरावर स्क्रू पिळून फळी पक्की बसवली. "हलणार नाही" ही त्याची हमी होती. गणपतीत टेबल घरात आलं. एप्रिलमध्ये एका रात्री एसी चालू असताना फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. सकाळी बघतात तर एका टोकापासून चार फूट लांब तडा, टोकाला बोटाचं नख सहज जाईल एवढा.

घाबरून त्यांनी पुट्टी भरून घेतली. पावसाळ्यात फळी फुगली तेव्हा पुट्टी वर उचलली गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या तड्याच्या शेजारी दुसरा पडला. तेव्हा मला बोलावलं. चौघांनी मिळून टेबल उलटं केलं. मधले स्क्रू सरळ होते. कडेचे सगळे आतल्या बाजूला वाकले होते. फळी आकसताना किती जोराने मध्याकडे ओढत होती, ते त्या वाकलेल्या स्क्रूंवर स्पष्ट दिसत होतं. कडेचा पहिला स्क्रू काढला तेव्हा लाकडातून "टक्" असा आवाज आला.

मी सगळे स्क्रू काढले, पुट्टी खरवडली आणि फळी नुसती सांगाड्यावर ठेवून द्यायला सांगितली. घरच्या आजोबांना ते पटेना, "भरून टाका ना एकदाचं" म्हणाले. पण काही दिवसांत तडे काहीही न भरता निम्म्याच्या आसपास मिटले. उरलेलं काम पावसाळा उलटल्यावर केलं. सांगाड्याच्या मधल्या ओळीतली भोकं गोल ठेवली, कडेची सगळी रुंदीच्या दिशेने लांबट केली. फळीत पितळी पेचाचे इन्सर्ट, खालून ८ मिलिमीटरचे बोल्ट, रुंद वॉशर. बोल्ट हाताने घट्ट करून वर पान्याचा पाव फेरा, त्याहून जास्त नाही. तेव्हापासून ते टेबल उन्हाळ्यात आकसतं, पावसात फुगतं आणि कुणाला कळतही नाही.

वाड्यांच्या दारातले दिलहे, म्हणजे चौकटीतल्या फळ्या, बघा. खाचेत नुसते बसवलेले असतात, त्यांना सरस लावलेला नसतो. आपल्या सुतारांना ही गोष्ट पिढ्यान्पिढ्या माहीत होती. स्टीलच्या सांगाड्याची फॅशन आली आणि लोक ती विसरले.

तड्यावर बसवायच्या डमरूच्या आकाराच्या गुट्टीबद्दलही इथेच सांगतो. जॉर्ज नाकाशिमा या जपानी-अमेरिकन कारागिराने ती जगभर पोहोचवली. १९३० च्या दशकाच्या शेवटी तो पुद्दुचेरीच्या आश्रमात गोलकोंड या इमारतीवर काम करत होता आणि १९६४ मध्ये अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या राष्ट्रीय संस्थेतही आला होता. नाकाशिमा तडा लपवायचा नाही, डमरूने बांधून तसाच उघडा ठेवायचा. हल्ली मात्र तडा नसलेल्या फळीवर शोभेला डमरू कोरतात, तेही डमरूच्या रेषा फळीच्या रेषांना समांतर ठेवून. असा डमरू कमरेत तुटतो. रेषा तड्याला आडव्या हव्यात आणि गुट्टी फळीच्या निदान एक तृतीयांश जाडीपर्यंत खोल हवी.

ज्यांना एखाद-दुसरं वाक्य पुरेल अशा चुका

साल ठेवू नका. आज छान दिसते, पण ती सुटणारच, आणि तिच्याखाली किडे आधीच घर करून असतात.

कडेचं पांढरं लाकूड ठेवायचं असेल तर बोरिक अॅसिड-बोरॅक्सची प्रक्रिया आधी करून घ्या. आंब्याच्या फळीला तर हवीच. टेबलाखाली पिठासारखा भुसा दिसायला लागल्यावर उशीर झालेला असतो.

खोडाचा अगदी मधला ठिपका ज्या फळीत आला आहे ती घेऊ नका. ती तिथे चिरणार.

पॉलिश फक्त वरून करू नका. वरून आणि खालून सारखेच हात द्या, नाहीतर एक बाजू हवेतली ओल पिते, दुसरी पीत नाही आणि फळी वाकते.

रस्त्यावरच्या झाडाची फळी असेल तर रंध्याच्या आधी धातू शोधणारं यंत्र फिरवा. बॅनर लावणाऱ्यांनी ठोकलेले खिळे आणि तारा खोडाने गिळलेल्या असतात. एका खिळ्याने पातं जातं, कधी डोळाही.

सागाला सरस लावण्याआधी तो भाग अॅसिटोनने पुसून घ्या. सागाच्या तेलामुळे सांधा धरत नाही.

सागाच्या वाहतूक परवान्याची प्रत मागा. जो वखारवाला ती द्यायला कां-कू करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

उंची ३० इंच, माणशी २ फूट जागा. पाय कडेला ठेवून पाहुण्यांचे गुडघे फोडू नका.

इपॉक्सीची नदी

माझं मत स्पष्ट आहे. इपॉक्सीची, म्हणजे राळ आणि हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकची, निळी नदी ओतलेली टेबलं मला आवडत नाहीत. एवढी चांगली फळी मधोमध चिरून तिच्यात प्लास्टिक का भरायचं, हे मला कधीच पटलं नाही. पण करायचीच असेल तर निदान घाई करू नका. एकाच वेळी जाड थर ओतला की इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने तापतं, पिवळं पडतं, तडकतं. डब्यावर जेवढ्या जाडीचा थर लिहिलाय तेवढाच ओता. राळ आणि हार्डनर अंदाजाने मिसळू नका, वजनकाटा वापरा. प्रमाण चुकलं तर पृष्ठभाग कायमचा चिकट राहतो आणि मग तो खरवडण्याशिवाय इलाज नसतो. नदी ओतण्याआधी लाकडाच्या कडांना पातळ हात देऊन तो धरू द्या, नाहीतर लाकडातली हवा बुडबुडे होऊन वर येते. भर पावसात तर ओतूच नका, दमट हवेत वर तेलकट पांढुरकी साय धरते.

आणि आपल्या घरात टेबलावर कुकर येतो, आमटीचं पातेलं येतं. बरीचशी इपॉक्सी ५०-६० अंशांनाच मऊ पडायला लागते. भांड्याचा गोल ठसा उमटला की तो पुसून जात नाही.

तेल, हळद आणि तवा

मी जेवणाच्या टेबलाला तेल लावतो. टंग ऑइल किंवा उकळलेलं जवसाचं. ८०, १२०, १८०, २२० असा पॉलिश पेपर क्रमाने चढवायचा, एकही पायरी न गाळता. ८० वरून थेट २२० वर उडी मारणाऱ्यांच्या टेबलावर तेल लावताच गोल-गोल ओरखडे उठून दिसतात, आणि तेव्हा सगळं पहिल्यापासून घासावं लागतं. तेलाचे हात पातळ, दोन हातांमध्ये निदान एक दिवस, वर राहिलेलं तेल पूर्ण पुसून. जाड हात देऊन लवकर संपवायला गेलात तर टेबल आठवडाभर चिकटत राहतं.

लोक म्हणतात तेलाला डाग पडतात. पडतात. पण पीयूवर (पॉलियुरेथेनच्या पॉलिशवर) ओरखडा उठला तर अख्खं टेबल पुन्हा करावं लागतं, तेलाचं टेबल तेवढ्याच जागी ३२० चा पेपर आणि दोन थेंब तेल लावून सुधारतं. हळदीच्या डागाला तर काहीच करू नका, टेबल काही दिवस खिडकीच्या उजेडात असू द्या, हळद उन्हाने फिकी पडते. काळजी घ्यायची ती ओल्या लोखंडाची. ओला तवा किंवा अडकित्ता बाभळीच्या किंवा सागाच्या फळीवर राहिला की काळा-निळा डाग पडतो, कारण लाकडातलं टॅनिन लोखंडाशी लागतं. तो ऑक्सॅलिक अॅसिडच्या सौम्य द्रावणाने जातो. हातमोजे घाला आणि नंतर स्वच्छ पाण्याने दोनदा पुसा.

तेल लावलेल्या चिंध्यांबद्दल मात्र मी कुणाचंही ऐकून घेत नाही. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि चुरगळून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकलेल्या चिंधीतली ती उष्णता बाहेर पडायला जागा नसते. चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. काम संपलं की प्रत्येक चिंधी उघडी करून बाहेर दोरीवर एकेरी वाळत घाला, कडक झाल्यावरच कचऱ्यात टाका. उघड्यावर वाळवायला जागा नसेल तर पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावून ठेवा. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी रंधा हातात देण्याच्या आधी हे करायला लावतो.