सायलेन्सरवरचे वेल्ड घासण्यासाठी रोटरी टूलचा बर कसा निवडावा

पुण्याच्या नाना पेठेतून आणलेला सायलेन्सर असो, किंवा पावसाळ्यात सांध्याजवळ गंजून फुटलेला जुना असो, वेल्डिंगनंतर उरलेला उंचवटा घासायला बसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती म्हणजे दुचाकीच्या सायलेन्सरचा पत्रा बहुधा एक ते दीड मिलिमीटर जाडीचाच असतो. म्हणून धातू किती झपाट्याने निघतो यापेक्षा तो नेमका कुठून निघतो, हे पाहून बर, म्हणजे रोटरी टूलच्या टोकाला बसवून वेगाने फिरवायचा, धातू खरवडणारा दातेरी तुकडा, निवडावा.

आधी शँक, म्हणजे टूलमध्ये बसणारी बरची दांडी, तपासावी. लहान रोटरी टूलमध्ये सामान्यतः ३.२ मिमी (१/८ इंच) शँक बसते, तर ६ मिमीची शँक डाय ग्राइंडर या मोठ्या घासणी यंत्रासाठी असते. बाजारात ३ मिमी शँकचेही बर मिळतात आणि ते ३.२ मिमीच्या कोलेटमध्ये, म्हणजे शँक पकडणाऱ्या टूलच्या तोंडातल्या नळीत, घट्ट बसतीलच असे नाही. त्यामुळे रविवार पेठेतल्या बोहरी आळीत खरेदीला जाताना आपले कोलेट खिशात घेऊन जावे.

साध्या लोखंडी आणि स्टेनलेस, दोन्ही पत्र्यांसाठी डबल कट दातांचा टंगस्टन कार्बाइड बर घ्यावा. त्याच्या आडव्यातिडव्या दातांमुळे कीस बारीक पडतो आणि टूल हातात उसळत नाही. एकाच दिशेचे दात असलेल्या सिंगल कट बरने निघणारे सुईसारखे लांब तुकडे बोटांत रुततात. ॲल्युमिनियमसाठी बनवलेला मोठ्या, विरळ दातांचा बर मात्र पोलादावर वापरू नये, कारण तो अडकतो आणि त्याचे दात तुटतात. तांबूस किंवा गुलाबी ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दगड पोलादावर चालतो, परंतु तो लवकर झिजून आकार सोडतो व पत्रा तापवतो, म्हणून तो शेवटच्या हलक्या घासणीपुरताच ठेवावा.

खरी निवड आकाराची आहे. पाइपच्या बाहेरील सरळ वेल्डसाठी टोकाला दात नसलेला दंडगोल बर योग्य ठरतो. टोकालाही दात असलेला बर हात किंचित कलला तरी वेल्डच्या कडेला चर पाडतो. माझ्या स्कूटरच्या सायलेन्सरवर मी नेमकी हीच चूक केली होती. वेल्ड गुळगुळीत दिसत होते, पण त्याच्या शेजारी केसाएवढी रेघ पडली होती आणि महिनाभरात तिथूनच काळा धूर झिरपू लागला. पाइप आणि फ्लँज (जोडणीची चपटी कड) यांच्या कोपऱ्यातील वेल्डसाठी गोल टोकाचा निमुळता, म्हणजे झाडाच्या आकाराचा, बर घ्यावा. चेंडूच्या आकाराचा बर उंचवट्यावर ठेवला की खळगे पाडतो, म्हणून तो फक्त एखादा सुटा ठिपका काढण्यापुरता वापरावा. पाइपच्या आत उतरलेले वेल्ड काढण्यासाठी ज्योतीच्या आकाराचा, लांब शँकचा बर लागतो, मात्र शँक जितकी बाहेर, तितका थरकाप जास्त. तेव्हा वेग कमी ठेवावा.

६ मिमी डोक्याचा बर साध्या लोखंडावर मिनिटाला २० ते २५ हजार फेऱ्यांवर चांगला चालतो, तर स्टेनलेसवर वेग थोडा उतरवावा. स्टेनलेसवर बर नुसता घासत राहिला, तर पृष्ठभाग कडक होतो आणि पुढे दात धरत नाहीत; म्हणून दाब हलका पण सलग असावा आणि बर बोथट होताच बदलावा. लोखंडावर वापरलेला दगड स्टेनलेसवर लावू नये. त्याचे कण तिथे रुतून नंतर गंजाचे डाग उमटतात. बर त्याच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकवावा. गॉगल आणि मास्क आवश्यकच आहेत, आणि पेट्रोलची टाकी किंवा नळी ठिणग्यांपासून दूर असावी.

वेल्ड पत्र्याच्या पूर्ण बरोबरीला आणू नये. अर्धा मिलिमीटर उंचवटा राखला, तर सांध्याची ताकद टिकते. घासून झाल्यावर गार सायलेन्सरचे एक तोंड कापडाने बंद करून दुसऱ्यातून ब्लोअरची हवा सोडावी आणि वेल्डवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा आलाच, तर त्या जागी पुन्हा वेल्ड भरून घ्यावे, आणखी घासू नये.