एका जुन्या सुती साडीतून पहिली गोधडी

शिवणकाम शिकायचं ठरलं की बहुतेक जण आधी मशिनच्या किमती पाहतात, मग नवं कापड आणतात, आणि ते बिघडेल या भीतीने कपाटात ठेवून देतात. सुरुवात गोधडीने केली तर ही भीती राहत नाही. कापड घरातच असतं, टाका एकच, तो म्हणजे धावदोरा (सुई ओळीने वर-खाली नेत घातलेला साधा टाका), आणि साडी आधीच नेसून जुनी झालेली असते. गोधडीतून मिळणारा खरा आनंद मात्र वेगळा आहे. हात कसा बसत गेला, ते तिच्यावरच दिसतं. शिवण कडेपासून आत चौकोनी फेऱ्यांनी जाते; कडेची पहिली फेरी वाकडीतिकडी असते आणि मध्याकडे जाता जाता टाके एकसारखे होत जातात. म्हणून ती पहिली फेरी उसवू नका.

कोल्हापूर-साताऱ्याकडे हिला वाकळ म्हणतात. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंध-राजस्थानची रल्ली या तिच्याच बहिणी. वापरून मऊ झालेल्या कापडाचे थर आणि त्यांना धरून ठेवणारा धावदोरा, एवढ्यावर त्या सगळ्या उभ्या आहेत.

इथे घेतली आहे ९६ × ९६ सेंमीची पाचपदरी, म्हणजे कापडाच्या पाच थरांची गोधडी. मांडीवर घ्यायला किंवा बाळाला खाली अंथरायला ती पुरते. दोन माणसांचं पांघरूण पहिल्याच वेळी शिवायला घेऊ नका. ते अर्ध्यावर राहतं आणि मग वर्षानुवर्षं माळ्यावर पडून असतं.

साडी कशी निवडायची

साडी शुद्ध सुती हवी. शंका असेल तर काठाजवळचा एक धागा काढून जाळून पाहा. सूत कागदासारखा वास देत जळतं आणि मऊ राख उरते; कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. कृत्रिम साडीचे थर एकमेकांवरून घसरतात आणि घामही टिपत नाहीत, त्यामुळे अशी साडी आतल्या थरालाही नको.

मग साडी उजेडासमोर धरा. विरलेली जागा लगेच दिसते. दोन्ही हातांनी हलकेच ताण द्या. चर्रकन फाटली तर तो भाग आतल्या थरांना वापरा. साधारणपणे निऱ्यांचा भाग चांगला राहिलेला असतो आणि बसण्याच्या जागी कापड विरलेलं असतं.

रंगाची परीक्षा टाळू नका. ओला पांढरा रुमाल साडीवर घासा. रुमालाला रंग लागला तर साडी पुन्हा पुन्हा धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मीठ घातलेल्या पाण्यात भिजवून कच्चा रंग पक्का होतो असं सर्रास सांगितलं जातं, त्यावर विसंबू नका. सुटा रंग धुऊनच काढावा लागतो. चार धुण्यांनंतरही रंग जात असेल तर दुसरी साडी घ्या. खळ घातलेली साडीही आधी धुऊन मऊ करून घ्या, नाहीतर सुई जड जाते.

बाकीचं साहित्य थोडकंच: जाड सुती दोरा, पाचेक सेंटिमीटर लांबीच्या आणि मोठ्या नेढ्याच्या दोन सुया, टाचण्या, कात्री, मोजपट्टी, मेणबत्तीचा तुकडा, अंगुस्तान (सुई ढकलताना बोटावर घालायची टोपी), आणि खुणेसाठी झिजलेली साबणाची वडी. पॉलिस्टरचा दोरा मजबूत म्हणून घेऊ नका. जुन्या सुतापेक्षा तो चिवट असतो, त्यामुळे ताण आला की दोरा तुटत नाही, कापड कापलं जातं. तुटलेला दोरा पुन्हा घालता येतो, कापलेल्या कापडाला मात्र ठिगळच लागतं.

कापणं

पाचवारी साडी सुमारे साडेपाच मीटर लांब आणि ११० सेंमीच्या आसपास पन्ह्याची असते. दोन्ही काठ काढून टाका. जरीचे काठ तर नक्कीच काढा, कारण जरीचा धागा टोचतो आणि सुईही अडते. आता १०० × १०० सेंमीचे दोन तुकडे साडीच्या सर्वात धड भागातून घ्या. हे वरचा आणि खालचा पदर. आतले तीन तुकडे ९६ × ९६ सेंमीचे. ते चार सेंटिमीटरने लहान ठेवायचे, कारण कडेला फक्त वरचा आणि खालचा पदर दुमडायचा आहे. पाचही पदर दुमडले तर दहा थरांची कड होते आणि सुई तिच्यातून जात नाही.

जुनं कापड टर्रकन फाडण्याचा मोह आवरा. विरलेल्या जागी फाट भलतीकडे वळते. त्यापेक्षा एक आडवा धागा ओढून काढा. कापडावर जी बारीक रेघ उमटेल, तिच्यावरून कात्री चालवा. त्यामुळे तुकडा सुताला सरळ कापला जातो. तिरका कापलेला तुकडा धुतल्यावर एका कोपऱ्याकडे ओढला जातो आणि मग गोधडी कधीच चौकोनी राहत नाही.

थर लावणं आणि कच्चा टाका

यात घाई केली की पुढची सगळी मेहनत बिघडते. एक संध्याकाळ फक्त या कामाला द्या.

सगळ्या तुकड्यांना इस्त्री करा. खालचा पदर उलटी बाजू वर ठेवून स्वच्छ फरशीवर पसरा आणि चारही कोपरे चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. त्यावर मधोमध आतला पहिला तुकडा ठेवा, तळहाताने मध्यापासून कडेकडे सारखा करा, मग दुसरा, मग तिसरा. एक तुकडा उभ्या धाग्याचा, पुढचा आडव्या, असे आलटून पालटून लावले की गोधडी एकाच दिशेला ताणली जात नाही. विरलेल्या जागा एकावर एक येऊ देऊ नका. शेवटी वरचा पदर सुलटा ठेवा. खालच्या पदराची दोन सेंटिमीटर कड आतल्या थरांवर दुमडा, वरच्याची तेवढीच कड आत वळवा आणि टाचण्या लावा.

आता कच्चा टाका, म्हणजे थर जागेवर धरायला घालून शेवटी काढून टाकायचा टाका. वेगळ्या रंगाचा साधा दोरा घ्या आणि पाच-सहा सेंटिमीटरचे लांब टाके घाला. सुरुवात मधोमध करा. आधी अधिकच्या चिन्हासारखे, मग फुलीसारखे, आणि मग उरलेल्या जागेत पंधरा-पंधरा सेंटिमीटरवर ओळी. प्रत्येक ओळ मध्यापासून कडेकडे जायला हवी. कडेकडून आत आलात तर जास्तीचं कापड मध्याकडे सरकत येतं आणि शेवटी तिथे फुगा येतो. तो फुगा नंतर कशानेही बसत नाही.

धावदोरा

दोरा रिळातून सुटतो ते टोक नेढ्यात घाला आणि कापलेल्या टोकाला गाठ मारा, म्हणजे गुंता कमी होतो. लांबी ६०-६५ सेंमीच ठेवा. सारखं ओवण्याचा कंटाळा म्हणून लांब दोरा घेतला की तो पिळतो आणि विरतो. दोरा एकदा मेणावरून ओढून घ्या. गाठ थरांच्या आत लपवायची: कडेपासून थोडं आत सुई घाला, टाका सुरू करायच्या जागी बाहेर काढा आणि हलका झटका द्या. गाठ टुपकन आत जाते.

पहिली फेरी कडेपासून एक सेंटिमीटर आत, चारही बाजूंनी. मग प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपासून अडीच सेंटिमीटर आत. अंतर राखायला साबणाच्या वडीने खुणा करा किंवा तेवढ्या रुंदीची कागदी चिकटपट्टी लावून तिच्या कडेने शिवा. टाका पाच-सहा मिलिमीटरचा. कोपऱ्यावर एक टाका नेमका वळणावर संपवा, म्हणजे चौकोन उठून दिसतो.

एक हात वर, दुसरा गोधडीखाली. खालच्या बोटाला सुईचं टोक जाणवलं की लगेच सुई वर वळवा. ते टोक जाणवायलाच हवं. जाणवलं नाही तर टाका खालच्या पदरात गेलेलाच नाही. सुई आडवी धरल्याने असं होतं, म्हणून ती शक्य तितकी उभी टोचा. सुईवर तीन-चार टाके घेऊन मग दोरा ओढा. हातभर शिवून झालं की ओळीवरून अंगठा फिरवत कापड सरळ करा, म्हणजे पडलेल्या चुण्या सुटतात. दोरा घट्ट ओढणं ही नवशिक्यांची सर्वात नेहमीची चूक. त्याने कड वळते आणि गोधडी वाटीसारखी होते. दर फेरीनंतर उलटून पाहा. चूक एका फेरीत सापडली तर उसवायला काही वाटत नाही.

एवढ्या गोधडीत एकोणीस फेऱ्या बसतात, एकूण सुमारे ३७ मीटर धावदोरा. दोरा ४५ मीटर तरी जवळ ठेवा. नवख्या हाताला बारा-तेरा तास लागतात, म्हणजे रोज अर्धा तास दिला तर साधारण चार आठवडे. पहिली फेरी पावणेचार मीटरची असते आणि ती संपता संपत नाही. पण नंतरची प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा आखूड होत जाते. आठव्या-नवव्या फेरीपासून हात आपोआप चालू लागतो, खालचं बोट न पाहता टोक ओळखतं, आणि दिवसभराचा शीण त्या लयीत उतरतो. तरी अर्ध्या-पाऊण तासाने उठा. पाठ भिंतीला टेकवून बसा आणि काम मांडीवर उंच घ्या, नाहीतर मान धरते.

पावसाळ्यात काम बाजूला ठेवताना सुई कापडात अडकवून ठेवू नका. ती गंजते आणि गंजाचा डाग सुती कापडातून निघता निघत नाही. सुया मोजून डबीत ठेवा. बाळासाठी शिवत असाल तर वर टिकल्या, मणी, आरसे काही लावू नका, आणि झोपेत ही गोधडी बाळाच्या तोंडावर येणार नाही असं पाहा.

धुणं, वाळवणं, दुरुस्ती

कच्चे टाके काढून थंड पाण्यात वेगळी धुवा. पिळू नका, दाबून पाणी काढा. ओली गोधडी जड होते. एकाच दोरीवर टोकाने टांगली तर टाक्यांवर ताण येतो, म्हणून दोन दोऱ्यांवर आडवी पसरा. वाळल्यावर फेऱ्यांच्या मधलं कापड किंचित फुगून येईल आणि गोधडीचा तो ओळखीचा सुरकुतलेला पोत दिसू लागेल.

पुढे कुठे विरलं तर काढलेल्या काठाचं किंवा उरलेल्या कापडाचं ठिगळ लावा. ठिगळाची कड आत दुमडा आणि ते विरलेल्या भागापेक्षा दोन बोटं मोठं घ्या, म्हणजे टाका धड कापडात बसेल. सगळी गोधडीच झिजली तर जुने टाके उसवत बसू नका. ती जशी आहे तशी दुसऱ्या साडीच्या दोन तुकड्यांमध्ये भरणासारखी ठेवा. आतले थर आधीच धरलेले असतात, त्यामुळे या वेळी फेऱ्या चार सेंटिमीटरवर घातल्या तरी चालतं. फक्त सुई थोडी लांब घ्या.