म्यूल डिअरसाठी वाट ठरवताना

म्यूल डिअर या हरणाच्या शिकारीला काय लागतं, टॅग (म्हणजे परवाना), बंदूक, नारिंगी जाकीट-टोपी: कोणीही सांगेल, पुढे चला. (भारतात शिकारीला बंदी आहे, हे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यापुरतं.)

नकाशा उघडलात की आधी परतीची वाट बघा. खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचा मोह होतोच, तिकडे माणसं कमी. पण हरीण पडलं की त्याच उताराची चढण होते आणि पाठीवर मांस असतं. यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या सरकारी भूसर्वेक्षण खात्याच्या) 1:24,000 नकाशावर डोंगरात समोच्च रेषा बहुधा दर 40 फुटांवर असतात, दर पाचवी जाड. जाड रेषा मोजा, 200 ने गुणा. दहा भरल्या तर 2,000 फूट, तेही 11,000 फुटांवरच्या विरळ हवेत. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस 70 पौंडांच्या आसपास, वर शिंगं, वर तंबू. एका फेरीत होत नाही, म्हणजे चढण दोनदा. मीही रेषा मोजल्या होत्या, फक्त जातानाच्या!

हातगाडीवर आणू म्हणाल तर विसरा. 1964 च्या वाइल्डरनेस कायद्यामुळे वाइल्डरनेस म्हणून राखलेल्या रानात मोटार तर नाहीच, सायकल आणि हातगाडीही नाही. घोडा चालतो, पण तो आधी ठरवून ठेवा. वर फोनला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका.

खासगी जमिनीवर पाटी नसो, कुंपण नसो, परवानगीशिवाय शिकारीला शिरायचं नाही. गाडीरस्ता कोणत्या तारखेपर्यंत खुला, ते फॉरेस्ट सर्व्हिसच्या (अमेरिकेच्या वनखात्याच्या) मोटार वाहन नकाशावर बघा आणि तरीही रेंजर ऑफिसला फोन करा.

वारा: पहाटे थंड हवा उतारावरून खाली येते, ऊन तापलं की वर चढते. तुमचा वास हरणांकडे जाऊ नये म्हणून अंधारात खालून निघा आणि ऊन तापायच्या आत हरणांच्या वर पोचा. अशी वाट धरली की हरीण गाडीपेक्षा उंचावर पडतं, ओझं उताराने येतं. परत सांगतो, उताराने. ज्या वाटेवर भरली पाठपिशवी घेऊन चढावं लागतं ती खोडा, तिथे कितीही हरणं दिसोत.

दुपारी ढग जमायच्या आत धार सोडा, वीज पडते. हेडलॅम्प दोन. मांसाच्या कापडी पिशव्या. नर-मादी ओळखू येईल तो भाग मांसापासून तोडू नका, तपासतात. घरी वाट आणि वेळ सांगून ठेवा. गाडीत बर्फ, टाकी भरलेली.