शुगरच्या गोळीसोबत काढा-चूर्ण घ्यायचं असेल तर

मी फार्मासिस्ट आहे. ‘गोळी चालू आहे, सोबत कारल्याचा रस चालेल का?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, गोळी कोणती?

स्ट्रिप उलटी करून बघा. ब्रँडसोबत बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव असतं. तिथे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिपिझाइड दिसलं, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जपून. ही औषधं एकटीसुद्धा शुगर नको तितकी खाली आणू शकतात. वर कारलं, मेथी, गुडमार घेतलं तर धोका वाढतो. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर ती भीती बरीच कमी. पण किडनी किंवा लिव्हरचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका.

डॉक्टर हो म्हणाले तरी एका वेळी एकच वनस्पती घ्या. पाच जिन्नसांचं मिश्रण घेतलं, तर गुण कशाने आला आणि त्रास कशाने झाला, काहीच उमगत नाही. सुरू करण्याआधीपासूनच उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर वहीत लिहायला लागा. आकडे उतरले म्हणून मनाने गोळी अर्धी करू नका, वही डॉक्टरांना दाखवा. मेथीची पूड पोटात फुगते आणि गोळी नीट शोषली न जाण्याची शक्यता असते, म्हणून दोघांत दोनेक तासांचं अंतर ठेवा.

हात थरथरले, दरदरून घाम आला, की लगेच मोजा. 70 च्या खाली असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. स्ट्रिपवर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर ग्लुकोजच हवं, कारण या औषधांमुळे साध्या साखरेचं पचन लांबतं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखाना गाठा.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती लेबल नसलेल्या पुड्यांची. ‘शंभर टक्के वनस्पती’ म्हणून विकलेल्या चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखं शुगर उतरवणारं ॲलोपॅथिक औषध मिसळलेलं तपासण्यांत सापडलेलं आहे. चार दिवसांत शुगर धाडकन उतरली तर खूश होण्याआधी शंका घ्या. उरलेली पुडी फेकू नका; डॉक्टरांकडे जाताना ती सोबत न्या.